सात नंबरची ओढ

धायरीतल्या चौथ्या मजल्यावरच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, नूरबानूचं वायुक्षेत्र मांडलेलं असे. खरं क्षेत्र, नैसर्गिक वायूच्या विहिरींचं, हजार किलोमीटरवर, समुद्राकाठी. इथे फक्त लॅपटॉप आणि फोन. तिथल्या विहिरी आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. एके काळी वायू आपसूक वर यायचा, आता कंप्रेसर लावून ओढावा लागे. त्यातही विहिरीला आराम द्यायचा, थोडा दाब साठू द्यायचा, मग पुन्हा ओढायचं. वेळा ठरवणं नूरबानूचं काम. बाळंतपणाच्या रजेनंतर साहेबांनी बजावलं होतं, सात नंबरची विहीर जगली तर तुमची नोकरी.

तिने सात नंबर लेकीच्या झोपेला जुंपली. सात महिन्यांची जरीना निजली की कंप्रेसर चालू, जागी झाली की बंद. दुसरं करणार तरी काय?

"सून आमची हुशार," कमरजहां, तिची सासू, शेजारणीला सांगे. "इथे पोर निजवते, तिथे पाताळ उपसते."

मार्च संपता संपता, जरीना निजायची त्या आतल्या खोलीचं दार जड झालं. हॉलकडे उघडणारं दार, पण जरीना झोपली की ओढूनही चटकन निघेना.

"फुगलं असेल," कमरजहां म्हणाली.

"उन्हाळ्यात, अम्मी?"

"मग तूच शोध. इंजिनिअर तू."

नूरबानूने पाहिलं. दाराच्या फटीशी धरलेला कागद हातातून निसटून आत सरकला. तिने पाच दिवस वेळा टिपल्या. कंप्रेसर चालू तेव्हाच दार घट्ट. सहाव्या दिवशी सात नंबरचा दाब शून्याखाली गेला. विहीर देत नव्हती, घेत होती.

तिथला ऑपरेटर जयसिंग मूळचा इकडचाच. फोनवर म्हणाला, "काटा बदलला, मॅडम. नवा बी त्येच सांगतोय."

मंगळवारी साडेअकराला कमरजहां बिबवेवाडीला गेलेली. आत जरीना रडली. आवाज बारीक होता, लांबून यावा तसा.

नूरबानूने कंप्रेसर बंद केला आणि दार ओढलं.

हललं नाही.

चौकटीला पाय लावून ओढलं. कडी उपटून हातात आली. रडणं विरळ होत चाललं. हवाच कमी, तर आवाज कुठून येणार? हे तिला कळत होतं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

तिने फोन लावला. "जयसिंगदादा, सात नंबर बंद करा!"

"कंप्रेसर बंदच हाय, मॅडम. तरी काटा खालीच चाललाय."

"झडप फिरवा. हाताने."

"पानी भरंल. मेली समजा विहीर. सायेब तुम्हांला ठिवायचे न्हाईत."

"फिरवा म्हणते ना!"

तिकडे लोखंड करकरलं. इकडे दार सुटलं, इतकं अचानक की ती पाठीवर पडली.

जरीना पाळण्यात शांत. गुलाबी गाल, उघडे डोळे. नूरबानूने तिला उचललं, तिथेच फरशीवर बसली आणि पदराखाली घेतलं. पोर अधाशासारखी लुचू लागली.

"काटा शून्यावर आला, मॅडम. मेली."

"मरू दे," नूरबानू रडत हसली.

मग तिच्या लक्षात आलं. चार घोट घेतले की जरीना थांबते, श्वास घेते. आज थांबली नव्हती.

तिने मोजलं. वीस. चाळीस. एकसारखी ओढ. छाती केव्हाच रिकामी झाली होती, दुखू लागली होती.

पकड सोडवायला आया करतात तसं तिने करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून आत सारली.

जीभ लागली नाही. हिरड्या लागल्या नाहीत. बोटाला लागली ती गार हवा, खाली, खूप खाली जाणारी.