आंधळ्या राक्षसाचा आरसा

केतकीला नुसता संशय नव्हता, खात्रीच होती. आनुशनं तिची गोष्ट ढापली होती.

चंद्रावरच्या शाळेत आज संध्याकाळी गोष्टींची स्पर्धा होती. राक्षसाच्या गुहेतून पळणाऱ्या मुलीची गोष्ट केतकी सांगणार होती. ती तिच्या मालूआत्याची गोष्ट. आत्या गेल्या वर्षी वारली आणि तिची एवढीच आठवण केतकीपाशी उरली. काल सरावात केतकीनं ती सांगितली, आणि आर्मेनियाहून आलेली आनुश आज तीच गोष्ट खुशाल सांगत होती! चोरी सिद्ध झाली की आनुशचं नाव स्पर्धेतून बाद. बरंच होईल, केतकी मनाशी म्हणाली.

ती तरातरा ग्रंथालयात गेली. तिथं बारकू नावाचा यंत्रमानव होता.

"बारकू, आनुशची तक्रार करायचीय. आत्याच्या गोष्टीत राक्षस आंधळा असतो, तरी आरशात बघून मिशा पिळतो. आनुशचाही पिळतो! चूक सारखी म्हणजे कॉपी. परीक्षेत बाई अशीच तर पकडतात."

"पुरावा झकास आहे," बारकू म्हणाला. "पण तिच्या गोष्टीत मुलगी पळते कशी?"

"मिठाची पुरचुंडी उघडते. हरीण चाटायला येतं, त्याच्या पाठीवर बसून पळते."

"आणि तुझ्या?"

"मीठ पदराला बांधते आणि... पळते." केतकी अडखळली. "मिठाचं पुढं काय होतं, ते आत्यालाही ठाऊक नव्हतं."

"मग तुझ्याकडे नसलेलं हरीण तिनं तुझ्याकडून चोरलं कसं?"

"मागाहून घुसडलं असेल! तू तिची बाजू घेऊ नकोस हं."

"बरं बाई, तिसरा साक्षीदार काढू." बारकूनं पृथ्वीवरच्या दूरच्या डोंगरातल्या एका मेंढपाळाचं, दोघींच्या जन्माआधीचं ध्वनिमुद्रण लावलं. त्यात आंधळा राक्षस होता, आरसा होता, मीठ होतं आणि हरीणही होतं.

केतकीचा चेहरा पडला.

"गोष्टींनाही वंशवृक्ष (एका पूर्वजापासून फुटलेल्या पिढ्यांचं झाड) असतो," बारकू म्हणाला. "माणसं गोष्ट ऐकतात, दुसऱ्या गावी जाऊन सांगतात. काही विसरतात, काही जोडतात, आणि तो बदल पुढं उतरत जातो. सारख्या खुणा आणि वेगळे बदल ताडून शास्त्रज्ञ मागं मागं जातात. प्राण्यांची नाती अशीच लावतात."

"पण मुळात ही रचली कुणी? कशाला?"

"कुणी, ते माहीत नाही. पण हरणांना मिठाची ओढ असते, हे रानात हिंडणाऱ्यांना ठाऊक असायचं. ते पोरांना सांगायचं असेल. आणि भीती वाटली तरी डोकं चालवा, हेही. हा आपला अंदाज हं."

केतकी धावत आनुशकडे गेली. आनुशच्या गळ्यातलं दुभाषी यंत्र मराठीत बोलायचं.

"आनुश, मी तुला चोर समजले. चुकलं माझं."

आनुशचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, मी तर सकाळीच बाईंकडे तुझी तक्रार करून आले! माझ्या आजोबांची गोष्ट तू पळवलीस म्हणून!"

"काय? आणि बाईंनी माझं नाव कापलं?"

"अजून नसेल. चल लवकर!"

चंद्रावर वजन कमी, त्यामुळं दोघी लांब लांब उड्या मारत सुटल्या. केतकीला रागही आला होता आणि हसूही आवरत नव्हतं.

"गोष्ट दोघी मिळूनच सांगू गं," धापा टाकत ती म्हणाली. "पुढं कुणी ती मंगळावर नेली, तर तिथली पोरं तिचं काय करतील कुणास ठाऊक! पण तुझं ते हरीण मात्र आत्याला फार आवडलं असतं."