उतरलेला सूर

साठी उलटली तरी त्याला सगळे धाकटाच म्हणत. नाव होतं, पण ते वापरायची वेळ कुणावर आली नाही. कार्यक्रमात ओळख करून देताना लोक आधी थोरल्याबद्दल भरभरून बोलत, मग याच्याकडे हात करून म्हणत, "हे त्यांचे भाऊ. हेही गातात." हे ऐकताना तो हसायचा आणि आतून जळून खाक व्हायचा.

त्या दुपारी तो कोमट पाण्याचा थर्मास काखोटीला मारून स्टुडिओकडे निघाला. काम तसं साधंच होतं. ज्या गाण्यामुळे लोकांनी दादाला डोक्यावर घेतलं, त्याची मूळ टेप खराब झाली होती आणि घरोघरच्या रेकॉर्डी घासून खरखरायला लागल्या होत्या. दादा तर केव्हाच गेला होता. कंपनीला तेच गाणं, त्याच आवाजात, नव्याने हवं होतं. हल्ली यंत्रं तेवढं करतात. कुणीतरी गायचं, आणि त्या गाण्यावर यंत्राने मेलेल्या माणसाचा आवाज चढवायचा. आवाजाचे हक्क वहिनींकडे होते. त्यांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. आवाज ह्यांचा वापरणार असाल, तर गळा घरचाच हवा.

घरचा गळा म्हणजे धाकटा. दादा जिवंत असताना त्याची पेटी उचलली, आता मेल्यावर त्याचा आवाजही आपणच वाहायचा! तरी तो हो म्हणाला, आणि ते काही भावाच्या प्रेमापोटी नाही.

हे गाणं पहिल्यांदा मुद्रित झालं, त्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा होता. दुसरा आवाज म्हणून त्यालाच न्यायचं घरात ठरलेलं होतं. दादा चपला घालता घालता म्हणाला, "तू राहू दे. वरच्या सुरावर तू उतरतोस." आणि निघून गेला. एकटाच गायला, एकटाच मोठा झाला. धाकट्याने तो शर्ट रात्रीपर्यंत अंगातून काढला नव्हता.

म्हणून आता त्याने बेत आखला होता. ज्या सुरासाठी लोक डोळे मिटून वाट बघत, नेमक्या त्याच सुरावर तो जरासा उतरणार होता. आवाज दादाचा निघणार, म्हणजे चूकही दादाचीच होणार. कायमची.

काचेच्या खोलीत त्याने हेडफोन चढवले. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बाईंनी मान हलवली. तो गायला लागला, आणि यंत्रातून कानात दादा गायला लागला.

गाणं सुरेख होत होतं, हेच तर दुखणं होतं. हरकती धाकट्याच्या, दम धाकट्याचा. याच जागा त्याने स्वतःच्या आवाजात घेतल्या की लोक चहा प्यायला उठायचे. डोळ्यांत पाणी आलं तरी तो गात राहिला.

दुसऱ्या कडव्याला काहीतरी बिनसलं. त्याने श्वास घेतला, पण कानातला श्वास त्याच्या आधी आला. बंद खोलीत निलगिरीचा वास पसरला. दादा गाण्याआधी निलगिरीची वाफ घ्यायचा... धाकट्याने तिकडे लक्ष दिलं नाही. ती ओळ आली. तो वर गेला आणि ठरवल्याप्रमाणे जरासा उतरला.

कानातला सूर उतरला नाही. तो वर सरळ लागून राहिला. धाकटा घाबरून थांबला, तरी सूर थांबला नाही. मग तो हळूहळू विरला, आणि अगदी कानाशी, लहानपणी दादा शिकवताना यायचा तसा शांत आवाज आला.

"पुन्हा घे."

त्याने हेडफोन ओरबाडून काढले.

"छान झालं की, काका," रेकॉर्डिस्ट बाई म्हणाल्या.

"तो वरचा सूर... तुम्ही सरळ केलात?"

"मी कशालाही हात लावलेला नाही. थांबा, तुमचा नुसता गळा ऐकवते."

त्याचा स्वतःचा आवाज सुरू झाला. सगळं जिथल्या तिथे होतं. त्या सुरापाशी मात्र नुसती शांतता होती.

"इथे तुम्ही गायलाच नाहीत, काका."

"गायलो," तो पुटपुटला. "मग तो सूर गेला कुठे?"



थर्मास तिथेच विसरून तो थेट वहिनींकडे गेला. त्या स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसल्या होत्या. बाहेरच्या खोलीत जुनी रेकॉर्ड लावलेली होती, तीच. आयुष्यभर दात खाऊन ऐकलेलं ते गाणं त्याला खरखरीसकट पाठ होतं.

ती ओळ आली. दादा वर गेला. त्याच्या शेजारून आणखी एक आवाज वर गेला, आणि घसरला. कुणालाही कळावं इतका घसरला. तो आवाज साठी उलटलेल्या माणसाचा होता.

धाकट्याने दाराची चौकट धरली.

"वहिनी... हे कोण गातंय?"

"असं काय करता, भावजी? तुम्हीच ना."

"मी... मला नेलंच नव्हतं त्या दिवशी."

"नेलं होतं की. इस्त्रीचा शर्ट घालून किती ऐटीत गेला होतात!" त्या हसल्या. "लोक अजून या जागेवर हसतात. हे मात्र कधी रागावले नाहीत. म्हणायचे, राहू दे, धाकटा आहे."

रेकॉर्डवर क्षणभर नुसती खरखर उरली. वहिनींनी शेंगांवरून नजर उचलली नाही. पाठ झालेली ओळ म्हणावी तशा, रेकॉर्डमधल्या दादाच्या शांत आवाजाबरोबर त्याही पुटपुटल्या,

"पुन्हा घे."