तिच्या नावावरची लायसन्स

संघप्रिया त्या दुपारी नवी पेठेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेली ती फक्त खात्री करून घ्यायला. एप्रिलचं ऊन, तोंडाला घट्ट बांधलेली ओढणी, आणि हातात इंटरनेटवरून काढलेलं कोटेशन — ऑफिसच्या सॉफ्टवेअरची लायसन्स, बाजारभावाच्या दहाव्या हिश्श्यात. दुकानदार जेवायला गेला होता. बाकावर एक तरुण बिघडलेला प्रिंटर मांडीवर घेऊन बसलेला. त्यानं मान तिरकी करून तिच्या हातातला कागद खुशाल वाचला.

“घेऊ नका ते,” तो म्हणाला.

“तुम्हाला कुणी विचारलं?”

“कुणीच नाही. पण सहा महिन्यांत बंद पडतील, मग विचाराल की.”

तो विरुपाक्ष. अक्कलकोटचा. लायसन्स विकायचा धंदा त्याचाच, म्हणजे आपल्याच पोळीवर तूप ओढणार, असं तिला वाटलं. तरी तिनं त्याला कारखान्यात बोलावलं, कारण तिच्यापुढं दुसरा इलाज नव्हता.

अक्कलकोट रोडवरच्या टॉवेलच्या कारखान्यात ती खरेदी बघायची. कॉम्प्युटर ब्याण्णव, आणि मालक ऋतुराजशेठ यांचा एकच धोशा, कमीत बसवा. विरुपाक्षनं भाव सांगायच्या आधी दोन दिवस नुसत्या चकरा मारल्या. कोण पत्रं लिहितं, कोण फक्त लेबल छापतं, कोण दिवसभर पत्ते खेळतं, सगळं वहीत टिपलं.

“एक्केचाळीसच घ्या,” तो म्हणाला. “बाकीच्यांना फुकटातलं सॉफ्टवेअर बास हाय.”

“यात तुमचं नुकसान होतंय की...”

“होऊ द्या. शेठपुढं तुमची मान ताठ राहील.”

असं बोलून तो चहा फुंकत बसला. संघप्रियानं त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि मग बराच वेळ पाहायचं टाळलं.

घोळ घातला तो शेठनी. “कंपनीच्या ईमेलचा पासवर्ड दर महिन्याला कुणीतरी विसरतं. मॅडम, तुमच्या स्वतःच्या ईमेलवर घ्या,” ते म्हणाले. विरुपाक्षनं नको नको म्हटलं, पण शेठपुढं कुणाचं चालणार? सगळी लायसन्स तिच्या नावावर चढली. एखादा कॉम्प्युटर अडला की तिला फोन, आणि तिचा फोन विरुपाक्षला. दहा महिने असे गेले. तो लिंगायत, ती बौद्ध. दोघांनाही हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून दोघंही फक्त कॉम्प्युटरबद्दल बोलत राहिले. त्या बोलण्यात किती काय मावायचं, ते त्यांचं त्यांनाच माहीत.

मग पुण्याची नोकरी आली. दुप्पट पगार, मोठा हुद्दा. कुर्डुवाडीला तिचे वडील रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले; त्यांनी बातमी ऐकून आळीत पेढे वाटले. शेठनी अट घातली, सगळी लायसन्स कंपनीच्या नावावर करून द्या आणि मग खुशाल जा. सोमवारी तिला हजर व्हायचं होतं. विरुपाक्ष रोज येई, दोन-तीन कॉम्प्युटर करी आणि “आज नेट स्लो हाय” म्हणून निघून जाई. शुक्रवार उजाडला तरी अकरा लायसन्स शिल्लक होती.

“एका कॉम्प्युटरला किती वेळ लागतो?” तिनं विचारलं.

तो केबल गुंडाळायला लागला.

“विरुपाक्ष, मी दहा महिने तुमचं काम बघतेय.”

“पाच मिनिटं,” तो खाली बघत म्हणाला. “मी मुद्दाम लांबवलं. काम संपलं की तुम्ही जाणार... तेवढं माझ्याच्यानं होईना.”

तिचे डोळे भरून आले, आणि रागही तितकाच आला. “माझ्या बापानं पेढे वाटलेत. तुम्ही मला अशी अडकवून ठेवणार होता? सरळ बोलायचं होतं की.”

त्यानं मान हलवली. उठला, आणि उरलेली अकराही तासाभरात उरकली. शेवटी तिच्यासमोर स्क्रीन वळवली. तिच्या नावावर आता एकही लायसन्स नव्हतं.

“तुम्ही मोकळ्या झालात,” तो म्हणाला. “आता सरळ बोलतो. मला तुमच्याशी लग्न करायचंय. पुण्यात राहा, कुठंही राहा.”

मशीनखात्याचा भोंगा वाजला, माणसं बाहेर पडू लागली. या वाक्याची तिनं किती वाट पाहिली होती, आणि आता ते ऐकून तिला भीती वाटत होती.

“घरी बोललात?”

“मंगळवारी.”

“माझं नाव सांगितलं?”

“पूर्ण सांगितलं. संघप्रिया यशपाल बनसोडे.”

पुढचं तिनं विचारायच्या आधी तोच म्हणाला, “आप्पा अजून बोलत न्हाईत. बोलतील का, ते मला माहीत नाही. अव्वा, आमची आई, दोन दिवस आतल्या खोलीतच होती. आज सकाळी भाकरी वाढताना तिनं एवढंच विचारलं — तिला आपलं बिनामटणाचं जेवण चालंल का?”

संघप्रियानं ओढणीनं डोळे पुसले. हसू येत होतं, ते तिनं येऊ दिलं.

“चालेल म्हणावं. रविवारी दुपारी येते जेवायला. आप्पांचं ताट माझ्याशेजारी नसलं तरी चालेल, पण ते घरात असू देत.”

“आणि सोमवारी?”

“सोमवारी पुणं,” ती म्हणाली. “स्टेशनवर सोडायला तुम्ही या.”