जुन्या ड्राइव्हमधलं नवं ऑइल

ब्रिटाने बोटीच्या जुन्या ड्राइव्हच्या तळाचा बोल्ट सैल केला, बोटावर ऑइल घेतलं आणि पुन्हा एकदा उजेडात धरून बघितलं. ऑइल स्वच्छ होतं. पिवळंधमक, कोरं करकरीत.

तुम्ही म्हणाल, मग बरंच की. छे! जुन्या बोटींच्या धंद्यात याहून वाईट खूण नाही. इंजिन बोटीच्या पोटात असतं आणि पंखा फिरवणारा जाडजूड ड्राइव्ह मागे, पाण्यात. सील गेलं की पाणी आत शिरतं, ऑइल दुधाळ होतं. म्हणून सरळ माणूस काळं पडलेलं जुनं ऑइल तसंच ठेवतो, घेणाऱ्याला बघू देतो. लबाड माणूस आदल्या दिवशी नवं भरतो.

"कधी बदललंत?" तिने विचारलं.

"काल," ड्राइव्ह विकणारा आर्वो म्हणाला.

"का?"

"तुम्ही... येणार होतात म्हणून."

पाहुणे यायचे म्हणून घर झाडावं, तसं सांगत होता. वर कानापर्यंत लाल झाला होता!

ब्रिटाला रडू यायचंच बाकी होतं. तिच्या बोटीचा ड्राइव्ह गेल्या हंगामात फुटला. त्या जातीचे भक्कम ड्राइव्ह बनायचे कधीच बंद झालेले. अख्खा हिवाळा तिने सुपीरियर सरोवराच्या काठचे सगळे भंगारवाले फोनवर पालथे घातले होते. कुठे चाकांचे दाते झिजलेले, कुठे बाहेरच्या कवचाला तडा. शेवटी हा आर्वो सापडला, जुन्या बोटी खोलून त्यांचे भाग विकणारा. त्याचा आवाज संथ, मध्येच हसणारा. एका ड्राइव्हसाठी इतके फोन लागत नाहीत, हे दोघांनाही कळत होतं... पण फोन थांबले नव्हते.

आणि शनिवारी हंगामाची पहिली फेरी होती. ती चुकली, तर बेटावरच्या लोकांची ने-आण शहरातल्या कंपनीकडे जाणार होती. आईने उभं केलेलं काम आपल्या हातून जाणार, या धास्तीने तिची झोप उडाली होती.

"जुनं ऑइल कुठंय?"

"पिंपात गेलं. आतली सीलं नवी घातली, मग—" आर्वो थांबला. आपण काय करून बसलो ते आत्ता त्याच्या डोक्यात शिरलं. त्याने कपाळावर हात मारला. "माझ्यासारखा गाढव मीच."

लबाड की गाढव? ब्रिटा त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. दुसरा ड्राइव्ह कुठे नव्हताच.

"मीच येऊन बसवतो," तो म्हणाला. "आणि शनिवारी तुमच्या बोटीत बसतो. बंद पडली तर मीही मध्येच अडकेन."

"पोहता येतं?"

"या बर्फाळ पाण्यात? मे महिन्यात कुणालाच येत नाही."

ती हसली आणि स्वतःवरच चिडली.

शनिवारी सरोवरावर धुकं होतं. बोटीत बेटावरची माणसं, पिठाची पोती आणि लेम्पीआजींची कोंबड्यांची खुराडी. ब्रिटाचे हात सुकाणूवर, पण कान मागे. मधोमध आले आणि 'खट्' झालं.

तिने इंजिन बंद केलं. माणसं मागे वळून बघू लागली. आर्वो मागे पालथा पडला, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून चाचपू लागला. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्याने एक भिजका ओंडका वर काढला.

"पंख्याला आपटला. बाकी ठीक."

त्याचे हात निळे पडले होते. ब्रिटाने आपला कॉफीचा मग त्यांत दिला... आणि वरून स्वतःचे हात ठेवले. त्याचे हात तरीही थरथरत होते.

"इतके घाबरलात?" तिने विचारलं.

"ड्राइव्हला नाही. तो चांगला आहे, मला माहीत होतं."

"मग?"

"बेट आलं की तुमचं काम झालं..." तो मगाकडे बघत म्हणाला. "मग मला फोन कशाला कराल?"

ब्रिटाने कॉफीचा मग त्याच्याच हातात राहू दिला. सुकाणूवर परतली, इंजिन सुरू केलं, पण उरलेल्या वाटेत तिला ड्राइव्हचा आवाज ऐकूच आला नाही.

बोट बेटाच्या धक्क्याला लागल्यावर लेम्पीआजी कोंबड्या विसरून दोघांकडे बघत उभ्या राहिल्या. ब्रिटा मागच्या फळीवर वाकली, ड्राइव्हच्या माथ्यातली ऑइल मोजायची पट्टी उपसली आणि उजेडात धरली. सोनेरी. पाण्याचा थेंब नाही.

"झालं तर," आर्वो म्हणाला आणि हत्यारांची पेटी उचलू लागला.

"माझा नव्या ऑइलवर विश्वास नाही," ती म्हणाली. "हे काळं पडेपर्यंत थांब."

"त्याला अख्खा हंगाम लागतो."

"ठाऊक आहे मला."

त्याने पेटी हळूच खाली ठेवली. "आणि मग?"

"मग तू नवं भर."