एका बोटाची उत्तरं

पक्षाघातानंतर दौलतरावांचं डाव्या हाताचं एक बोट तेवढं हलत होतं. वाचा गेली होती. रेल्वेत तीस वर्षं सिग्नल सांभाळलेला माणूस हैदराबादेत, तारनाक्याच्या घरात छताकडे बघत पडून असायचा.

त्यांच्या मुलाने, प्रज्ञेशने, सी भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला. एक कळ दाबली की पडद्यावर शब्द यायचा. प म्हणजे पाणी, द म्हणजे दुखतंय, ह म्हणजे हौ, त्यांचा तिकडचा होकार, आणि न म्हणजे नको. बोट एन्टरपर्यंत पोचत नसे, म्हणून कळ दाबताक्षणीच वाचली जायला हवी होती. घरच्या विंडोजवर ते सोपं होतं. बाबांना व्यायामासाठी नेत त्या केंद्रात मात्र लिनक्स होतं. तिथे टर्मिनल एन्टरची वाट बघत बसतं, ती सवय आधी मोडावी लागते. दोन्हीकडे चालेल असा प्रोग्राम करायला त्याला आठवडा लागला.

रविवारी दुपारी बाबा झोपले होते, हात छातीवर. पडद्यावर आलं : नको.

आधीची एखादी कळ साठून राहिली असेल, असं प्रज्ञेशला वाटलं. प्रत्येक वाचनाआधी साठा रिकामा करायची ओळ त्याने घातली.

नको.

त्याने कीबोर्ड उलटा करून झटकला, लॅपटॉप बंद केला आणि बहिणीला काही सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी ऑफिसातल्या लिनक्सवर त्याने प्रोग्राम सुरू केला. मग स्वतःचे दोन्ही हात मांडीवर घेतले.

नको.

प्रोग्राममध्ये नेटचा संबंधच नव्हता. त्याने कीबोर्डची वायर उपटली.

नको. नको.

त्याने घरी फोन लावला. "रेणुका, बाबा काय करतायत?"

"झोपलेत की. काय झालं, दादा?"

"लॅपटॉप?"

"कालपासून बंदच आहे."

"त्यांच्याजवळ कोण आहे?"

"कोणी नाही. मी दारातच उभी आहे."

"त्यांचं बोट बघ."

ती पलंगाजवळ गेली. "हलतंय. चादरीवर टकटक करतायत."

नको.

"त्यांना कोणी काही विचारतंय का?"

"असं काय बोलतोस? खोलीत कोण विचारणार?"

नको.

मग बराच वेळ काही आलं नाही. प्रज्ञेश पडद्याकडे बघत राहिला. वायर त्याच्या मुठीत होती.

हौ.

"थांबलं बघ बोट," रेणुका हलक्या आवाजात म्हणाली. "आता कसे शांत झोपलेत."