ब्रेक कोण दाबतंय?

ही गोष्ट कुणाला पटावी म्हणून मी लिहीत नाहीये. आमच्या घरात जे घडलं, ते जसंच्या तसं सांगतोय. पप्पा होते तोवर हा विषय काढायची सोय नव्हती.

२००२ चा डिसेंबर. आम्ही नाशिकजवळ एकलहऱ्याला, थर्मलच्या, म्हणजे वीज केंद्राच्या कॉलनीत राहायचो. पप्पा प्लांटमध्ये नोकरीला. माझी मोठी बहीण मीनाताई देवळाली कॅम्पला दिलेली. भावजी फौजेत, तेव्हा लांब पोस्टिंगवर. ताईला सातवा महिना लागला होता. सोमवारी तिला बाळंतपणासाठी घरी आणायचं ठरलं होतं.

तिला रिक्षाचे धक्के नकोत म्हणून पप्पांनी एक जुनी व्हॅन घेतली.

व्हॅन चांगली होती. फक्त ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून आवाज यायचा.

चींऽऽऽ...

अंगावर काटा यायचा. शिवाय ब्रेक लागताना गाडी एका बाजूला ओढायची.

रविवारी सकाळी आम्ही भिमाजीकाकांच्या गॅरेजला गेलो, उद्या ताईला आणायचंय म्हणून सांगितलं. काकांनी चाक खोललं आणि ब्रेकचे पॅड पप्पांच्या हातात दिले. एक पॅड बऱ्यापैकी जाड, दुसरा तिरका घासून पार पातळ झालेला.

"साहेब, पॅड ज्या पत्र्याच्या क्लिपांमध्ये सरकतात ना, त्याच नाय इथं. एक हाय, ती पण उलटी बसवलेली. पॅड अडकून बसतो. पाय काढला तरी डिस्कला घासत राहतो."

काकांनी खाचा तारेच्या ब्रशने घासून साफ केल्या. नवीन क्लिपा दाबून बसवल्या. सरकपिनांना जरासं ग्रीस लावलं, पॅडला एक थेंब लागू दिला नाही. नवे पॅड बोटाने हलवून दाखवले.

"आता बघा, कसे सरकत्यात."

येताना गाडीतून चूं की चां नाही. पप्पा खूश. गाडी क्वार्टरसमोर अंगणात लावली, किल्ली शर्टाच्या खिशात टाकली.

दिवेलागणीला आई चहा गाळत होती. मी आणि पप्पा टीव्हीसमोर बसलो होतो.

आणि बाहेरून आवाज आला...

चींऽऽऽ...

आम्ही दोघेही धावत बाहेर आलो. रस्ता रिकामा. व्हॅन जिथल्या तिथे.

पप्पांनी खिसा चाचपला. किल्ली खिशातच होती.

"दुसरी कुणाची गाडी असेल," ते म्हणाले. पण त्यांनी वाकून डाव्या चाकाला हात लावला... आणि झटकन मागे घेतला.

चाक तापलं होतं. चटका बसेल इतकं.

गाडी दुपारपासून हललीच नव्हती.

त्या रात्री आमच्याकडे कुणी धड झोपलं नाही. सकाळी मी पाहिलं तर गाडीवर आणि आजूबाजूच्या जमिनीवर थर्मलच्या राखेचा पातळ थर बसला होता, नेहमीसारखाच. राखेत टायरचा एकही माग नव्हता.

पप्पांनी भिमाजीकाकांना घरी बोलावून घेतलं. काकांनी जॅक लावला, चाक काढलं. मग पॅड हातात घेऊन ते उलटसुलट करून पाहत राहिले.

"काय झालं हो?"

"साहेब... ह्ये पॅड काल बसवलेत मी. एवढं घासायला महिने लागत्यात."

पॅडचं नुसतं लोखंड उरलं होतं.

आणि क्लिपा... क्लिपा नव्हत्याच. आम्ही अंगण पालथं घातलं. कुठेच सापडल्या नाहीत.

काका जिद्दीला पेटले. पॅडांना पिस्टनने दाबणारा कॅलिपर सोडवून त्यांनी तारेने वर टांगला. खाचा पुसत होते, तेवढ्यात ओरडले,

"अहो, ब्रेक कोण दाबतंय? पाय काढा! पिस्टन बाहेर येतोय!"

मी त्यांच्या शेजारी उभा होतो.

पप्पा माझ्या मागे होते.

आई दारात होती.

गाडीत कुणीच नव्हतं...

मी काचेतून आत पाहिलं. ब्रेकचं पेडल पार खाली गेलं होतं. खालीच होतं.

मग ते सावकाश वर आलं. कुणीतरी पाय उचलावा तसं.

आणि पुन्हा खाली गेलं.

पिस्टन सुटून काकांच्या पायाशी पडला. ब्रेक ऑइल धारेने गळायला लागलं. काकांनी हत्यारं तिथेच टाकली आणि फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. "पोरीला ह्यात बसवू नका," एवढंच म्हणाले. पुन्हा ते आमच्या दारात आले नाहीत. त्यांची हत्यारं मीच नेऊन दिली.

आम्ही रिक्षाच केली आणि ताईला आणायला देवळालीला गेलो.

ताई पायरीवर बसली होती. रडून रडून डोळे सुजलेले.

"पप्पा, काल असं कशाला केलंत? माझं काय चुकलं?"

"काल?" पप्पा म्हणाले.

"संध्याकाळी आला होतात ना! व्हॅन दारात आली, दार उघडलं. सोमवारचं ठरलं होतं, मग आजच कसे, म्हणून मी विचारलं. तुम्ही बोलला नाहीत. मी पिशवी घेऊन एक पाय आत टाकला... तर गाडी चालूच! ब्रेक किंचाळतोय आणि गाडी पुढे सरकतेय. मी घाबरून पाय मागे घेतला. तुम्ही मागे वळूनही न बघता निघून गेलात."

पप्पा तिथेच पायरीवर बसले.

काल संध्याकाळी ते माझ्या शेजारी होते. घरी. टीव्हीसमोर.

व्हॅन पप्पांनी भंगारात दिली आणि डोळ्यांदेखत कापून घेतली. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही.

ताईला मुलगी झाली. सगळं नीट पार पडलं.

मी ताईला नंतर किती वेळा विचारलं, अंधार पडत होता, नीट दिसलं नसेल, दुसरं कुणी असेल.

ती दर वेळी नकारार्थी मान हलवते.

"पप्पाच होते रे. तोच शर्ट, तोच चष्मा. फक्त..."

पुढे ती बोलत नाही.

आणि मलाही आता विचारायचा धीर होत नाही.