डाव्या पायाची पट्टी

लालबागला माझं कुलुपांचं दुकान. गिऱ्हाईक कसलं कुलूप मागतं, त्यावरून त्याचं घर कळतं मला. दोन हजार एकोणीस, मार्चची एकोणीस तारीख, मंगळवार. संध्याकाळी जयवंत आला. म्हणाला, "शेठ, सात लिव्हरचं द्या. उद्या शिमग्याला गावाक चाललंय."

दरवर्षी हेच सांगायचा, आणि जायचा कुठेच नाही. आई गेली, बायको गेली, गावचं घर बसलं. परळच्या खोलीत आठ दिवस आतून कडी लावून पडून राहायचा. आपल्यात कोणी गावी निघालं की अख्खी चाळ पिशव्या आणून देते... हे आमच्या आयेला, ते मामाला. जयवंतकडे कधी कोणी दिली नाही. सगळ्यांना ठाऊक होतं ना!

तो एका स्मृती उद्यानात दिवाबत्ती बघायचा.

"कुठलं हो काका?" दर्शना, तू विचारणारच. नाव नाही सांगत. उद्या मोबाइल घेऊन तिथेच उभी राहशील.

तर दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी तिथे शिकाऊ शिपायांची छावणी होती. कोकणातली पोरं. कवायतीत डावा-उजवा समजेना, म्हणून हवालदार डाव्या पायाला चिंधीची पट्टी बांधायचा आणि ओरडायचा, "पट्टी पुढे!" मग छावणीत ताप शिरला. काही पोरं बोटीत चढायच्या आधीच गेली. पुढे उद्यान झालं, स्तंभ उभा राहिला. लढाईत मेलेल्यांची नावं कोरली. तापानं गेलेल्यांची कोण कोरतो?

त्या रात्री पावणेबाराला स्तंभाजवळचा दिवा गेला. जयवंत शिडी घेऊन निघाला. झाडाखाली कोणीतरी उभं.

"खंयचो रे तू?"

कोवळा आवाज. मालवणी. जयवंतला बरं वाटलं. म्हणाला, "आचऱ्याकडचो."

"गावाक कधी जातलंस?"

सवयीनं तोंडातून गेलं, "फाल्या." म्हणजे उद्या.

"मगे आमचा घर वाटेतच. आचऱ्याच्या अलीकडल्या गावात, देवळाखालचा पयला. दारात रातांब्याचा झाड. आयेक येवढा दी."

पोरगा खाली वाकला. पायाची पट्टी सोडली. डाव्या पायाची. हातातली पुडी त्या पट्टीनं बांधली.

"तुका नको ती?" जयवंतनं विचारलं.

"आता लागना नाय. डावो-उजवो कळता माका."

दिवा लागला. आपोआप.

झाडाखाली... कोणी नाही.

पुडी हातात. गार.

पोरांनो, दुसरा कोणी असता तर ती तिथेच टाकून पळाला असता. पण आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी जयवंतवर विश्वासून पिशवी दिली होती. पहाटे त्यानं खोलीला माझं कुलूप लावलं आणि एसटी धरली.

देवळाखाली घर नव्हतंच. नुसतं जोतं. रातांबा, म्हणजे आपलं कोकम, मात्र होता, मोठा झालेला. शेजारचा म्हातारा म्हणाला, "ह्या घरचो झील लढाईक गेलो, तो ईलोच नाय. म्हातारी मरेपर्यंत पायरेर बसान वाट बघी."

जयवंतनं पुडी पायरीवर ठेवली. म्हणाला, "आये, तुझ्या झीलान धाडल्यान हा. बरो आसा तो." सकाळी बघितलं. पायरी रिकामी.

चौथ्या दिवशी तो मुंबईला आला. कुलूप नवं, किल्ली घट्ट बसत होती, म्हणून मला बोलावून नेलं. म्हणजे उघडलं ते मी. माझ्या हातानं. त्याला दुसरी किल्ली नव्हती. खिडकी नाही त्या खोलीला. कुलपावर ओरखडा नाही... हे मी धंद्याच्या डोळ्यानं बघितलं.

दार ढकललं.

आत अंधार. पाटावर काहीतरी.

जयवंत पुढे झाला. बसला. मग हळू म्हणाला, "शेठ... माका गावसून खाऊ ईलो."

पळसाच्या पानात मूठभर ओले काजूगर. चीक अजून ओला.

वरून बांधलेली, चिंधीची पट्टी.